दोन एकर आणि चार वर्षं

पत्र : मॅडम, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बारावी सायन्स झाली. सीईटीत 89 पर्सेंटाइल आहेत, जेईई मेनमध्ये 74. आम्ही कुणबी, ओबीसीत येतो. घरी पाच एकर कोरडवाहू. यवतमाळला एका सेमिनारमध्ये दक्षिणेतल्या एका खाजगी विद्यापीठाच्या लोकांनी कॉम्प्युटर-एआयची सीट देतो म्हणून सांगितलं. वर्षाला 2 लाख 75 हजार फी, होस्टेल-मेस 1 लाख 20 हजार. बाबांनी 10 हजार भरून सीट बुक केली आणि आता दोन एकर काढतो म्हणतात. घेणारा येत्या रविवारी इसार घेऊन येणार आहे. सीईटीवरून अमरावतीला खाजगी कॉलेज मिळेल असं सर म्हणतात, तिथली फी 1 लाख 5 हजार आहे. बाबा म्हणतात, "इथं शिकून इथंच राहशील, बाहेर गेली तं लाइनीले लागशील." खोटं नाही सांगत, मलाही जायची इच्छा आहे. मला इंग्रजी बोलता येत नाही आणि इथं राहिले तर कधीच येणार नाही असं वाटतं. पण धाकटा भाऊ दहावीत आहे. आई काहीच बोलत नाही. काय करू?

उत्तर :

बेटा,

रविवार गाठायचा होता म्हणून यातलं सगळ्यात महत्त्वाचं तुला फोनवर सांगून टाकलं. बाकीचं इथे सविस्तर लिहिते, कारण वणीहून, कारंज्याहून, मेहकरहून याच महिन्यात जवळपास अशीच पत्रं आली आहेत. कुठे वावर आहे, कुठे आईच्या पाटल्या, कुठे बापाचा प्रॉव्हिडंट फंड. प्रश्न एकच.

माझं मत आधी सांगते. वावर विकू नका. तू महाराष्ट्राबाहेर जायला माझी अजिबात ना नाही. तू जावंस असं मला मनापासून वाटतं. पण ज्या दाराने तुला आत्ता बोलावतायत, त्या दाराने जाऊ नकोस.

दार म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण सगळे पालक इथेच चुकतात. "राज्यात की राज्याबाहेर" असा प्रश्न आपण विचारतो, आणि पैशाचा सगळा हिशोब मात्र ठरतो तो प्रवेश कोणत्या रस्त्याने झाला यावर. महाराष्ट्रात सीईटी सेलची कॅप, म्हणजे राज्याची एकत्रित प्रवेश प्रक्रिया आहे. त्या यादीतून तुझा नंबर लागला, की तू नुसती विद्यार्थिनी राहत नाहीस, सरकारी सवलतींची हक्कदार होतेस. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. ही माफी फक्त सरकारी कॉलेजात नाही, खाजगी कॉलेजातही आहे. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर नाही. आणि खाजगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात गेलीस, तर ते पुण्यात असलं तरी नाही. म्हणून म्हणते, राज्याच्या सीमेपेक्षा दार बघ.

आता तुझाच हिशोब मांडू. तुझ्या अमरावतीच्या 1 लाख 5 हजारांत ट्यूशन किती आणि विकास शुल्क किती, हे मी तुला फोनवर कॉलेजला विचारायला लावलं. 92 हजार ट्यूशन, 13 हजार विकास शुल्क. विकास शुल्क माफ होत नाही, ते भरावं लागेल. म्हणजे वर्षाला 13 हजार, चार वर्षांचे 52 हजार. होस्टेल आणि मेस वर्षाला 70 हजार धरले, तर चार वर्षांचे 2 लाख 80 हजार. एकूण 3 लाख 32 हजार. तिकडे 2 लाख 75 हजार आणि 1 लाख 20 हजार मिळून वर्षाचे 3 लाख 95 हजार, चार वर्षांचे 15 लाख 80 हजार. फी दरवर्षी वाढत नाही असं धरून, आणि रेल्वेचं तिकीट न धरता. फरक साडेबारा लाखांच्या आसपास आहे. तुमचे दोन एकर जवळपास त्याच भावाने जातायत. म्हणजे जो फरक आहे, तोच नेमका तुमचं वावर आहे.

हा कागद बाबांसमोर ठेव. माझं नाव सांगू नकोस. आकडे त्यांचे त्यांना करू दे. पऱ्हाटीचा हिशोब ज्या माणसाला बोटांवर येतो, त्याला हाही येतो. फक्त सेमिनारमध्ये कुणी त्यांच्यासमोर तो असा मांडला नव्हता.

वसतिगृहाचं ओझंही कमी होऊ शकतं. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा. तुमचे पाच एकर कोरडवाहू आहेत, तेव्हा सातबारा आणि तलाठ्याचा अल्पभूधारकाचा दाखला घेऊन अटी बघ, ओबीसीला ती लागू होते का तेही विचार. पैसे वेळेवर येत नाहीत, उशीर होतो, हे खरं. पहिल्या वर्षाचा होस्टेलचा खर्च हाताशी ठेवूनच निघायचं.

कॅपच्या जागांबद्दल तुझ्या सरांनी एक गोष्ट सांगितलेली दिसत नाही. तुझा जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात येतो. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतल्या बहुतेक खाजगी कॉलेजांत कॅपच्या 70 टक्के जागा याच विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांसाठी असतात. त्यात मुलींना 30 टक्के आरक्षण. म्हणून गेल्या वर्षीची कट-ऑफ यादी काढशील तेव्हा खुल्या गटाचा आकडा बघून घाबरू नकोस. "एलओबीसीएच" नावाचा रकाना शोध. एल म्हणजे लेडीज, मध्ये ओबीसी, शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी. तुझा आकडा तिथे आहे. पुसद, बडनेरा, शेगाव, यवतमाळ, अमरावती, सगळीकडचा तोच रकाना वाचत जा आणि वहीत उतरवून घे. त्याच यादीत टीएफडब्ल्यूएस अशा जागा दिसतील. त्या ट्यूशन फी माफीच्या पाच टक्के जादा जागा असतात. तुझ्यासाठी त्यांची गरज नाही, पण तुझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाला सांग, त्याचं भलं होईल. ओबीसीतल्या मुलांना निम्मीच फी माफ असते, म्हणून तुझ्या भावाच्या वेळीही ही गोष्ट लक्षात ठेव.

पसंतीक्रम भरताना एक काळजी. 2025 पासून पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेऱ्या बंद. पुढच्या फेऱ्यांत ही सक्ती आणखी खालच्या पसंतींपर्यंत जाते. त्यामुळे जिथे जायचं नाही ते नाव "भरून ठेवू, बघू" म्हणून वर टाकू नकोस. ज्या क्रमाने मनात आहे, त्याच क्रमाने भर. नेट कॅफेवाल्याला भरू देऊ नकोस.

आता बाहेरच्या दारांबद्दल, कारण मी नुसतं "जाऊ नको" म्हणणारी नाही. एनआयटी, ट्रिपल आयटी, आयआयटी या दाराने बारावीनंतर बाहेर जाणाऱ्या मुलांना मी हाताला धरून स्टेशनवर सोडलं आहे. तिथे जोसा या केंद्राच्या प्रवेश प्रक्रियेच्या यादीतून प्रवेश होतो, केंद्राचं आरक्षण लागू असतं आणि डिग्रीला देशभर ओळख आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीत तर निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठीच असतात. तुझ्या 74 ला ते दार या वर्षी उघडत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, पण भावाला आत्तापासून सांगून ठेव. अनुसूचित जातीच्या घरातल्या वाचकांसाठीही एक सांगते : उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती दुसऱ्या राज्यात शिकतानाही मिळते, आणि ती आपलंच राज्य देतं. बाकी महाराष्ट्राच्या बहुतेक फी सवलती पैनगंगा नदीच्या पलीकडे तेलंगणात गेल्याबरोबर संपतात.

कर्जाचं काय, असं बाबा विचारतील. पीएम विद्यालक्ष्मी ही योजना केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केली. निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण नाही, जामीन नाही, आणि घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना व्याजात 3 टक्के सवलत. चांगली योजना आहे. पण मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही. तुला सीट देणाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारा : माझ्या मुलीचा प्रवेश कोणत्या परीक्षेच्या गुणांवर, कोणत्या यादीत, कितव्या नंबरवर झाला? उत्तर लेखी मागा. साधं कर्ज घेतलं तरी 10 लाखांना साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षं महिन्याला सुमारे साडेतेरा हजारांचा हप्ता येतो. शिकतानाचं व्याज वेगळं. पहिल्या नोकरीत पुण्यातल्या खोलीचं भाडं, डबा आणि हा हप्ता, एवढंच तुझ्या हातात उरेल.

इथे मला माझ्या घरातली गोष्ट सांगावी लागते. माझ्या मामेभावाचा मुलगा असाच एका एजंटच्या शब्दावर परराज्यातल्या एका कॉलेजात गेला. दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट आणि टीसी "व्हेरिफिकेशनसाठी" जमा करून घेतल्या. पहिल्या सेमिस्टरलाच कळलं की ज्या ब्रांचच्या नावाने नेलं, त्या ब्रांचला शिकवायला माणसंच पुरेशी नाहीत. परत यायचं म्हटलं तर मूळ कागदांसाठी उरलेल्या वर्षांची फी मागितली. वहिनी ती प्लास्टिकची फाइल घेऊन माझ्याकडे आली होती. फाइल उघडली तर आत नुसत्या झेरॉक्स. त्या मुलाची दोन वर्षं गेली, आणि वहिनीचा माणसांवरचा विश्वास गेला तो वेगळाच. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, असा यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, स्पष्ट नियम आहे. तेव्हा आम्हाला तो माहीत नव्हता. तुझ्या बाबांनी अजून मूळ कागद दिलेले नाहीत, हे ऐकून मला त्या दिवशी फोनवरच बरं वाटलं.

त्या 10 हजारांचंही बघ. आजच ईमेल कर, फोनवर बोलून भागवू नकोस. प्रवेश रद्द करते, रक्कम परत करा, सोबत भरल्याची पावती. यूजीसी दरवर्षी ठराविक तारखेपर्यंत प्रवेश रद्द केल्यास फी पूर्ण परत करायला सांगते. त्या वर्षीची तारीख यूजीसीच्या संकेतस्थळावर बघून पत्रात तिचा उल्लेख कर. पावती एजंटच्या नावाची असेल तर पैसे परत मिळायला जड जाईल. तरी 10 हजार वाचवायला दोन एकर घालवायचे नसतात.

आता तुझ्या मनातल्या खऱ्या गोष्टीकडे येते. इंग्रजी. पत्रात तू हे एकाच ओळीत लिहिलंस, पण मला वाटतं सगळं पत्र त्याच ओळीसाठी होतं.

मी 29 वर्षं इलेक्ट्रिकल शिकवलं, विदर्भातल्याच कॉलेजात. दरवर्षी पहिल्या बाकावर इंग्रजी माध्यमाची मुलं आणि शेवटच्या बाकावर तुझ्यासारख्या मुली. एकीची गोष्ट सांगते. राळेगावकडची होती. पहिल्या सेमिस्टरला गणितात नापास झाली, आणि खरं तर गणित तिला येत होतं, प्रश्नच नीट कळला नव्हता. मी तिला वहीच्या मागच्या पानावर रोज पाच वाक्यं लिहायला लावली. विषय कोणताही, पण त्या दिवशी वर्गात जे शिकवलं तेच. "ट्रान्सफॉर्मर आवाज का करतो?" असं पाच वाक्यांत. दुसऱ्या वर्षी ती वाक्यं मला मोठ्याने वाचून दाखवायला लागली. तिसऱ्या वर्षी सेमिनारला उभी राहिली तेव्हा हातातला डस्टर इतका थरथरत होता की खडूची पूड तिच्या ओढणीवर पडत होती, पण बोलली. वीस मिनिटं बोलली. पुढे गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा, दिली आणि दक्षिणेतल्या एका आयआयटीत एमटेकला गेली. तिथे फी-खर्चासाठी बापाला काही मागावं लागलं नाही, एमटेकला महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं.

हे दार तुझ्यासाठी चार वर्षांनी उघडं आहे, आणि ते मला सगळ्यात पसंत आहे. गेटला कॉलेज कुठलं हे कुणी विचारत नाही. तिसऱ्या वर्षापासून परीक्षा देता येते. एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. तीच व्याख्यानं, तोच फळा, तुमच्या गावातल्या मोबाइलवरही दिसतात. एक तासाचं व्याख्यान पहिल्यांदा तुला तीन तास लागेल. लागू दे. आणि बाहेर गेल्याने इंग्रजी आपोआप येतं, असं मी तरी बघितलेलं नाही. दक्षिणेत होस्टेलच्या खोलीत आपली मुलं आपल्याच मुलांना शोधतात, चार वर्षं मराठी-हिंदीतच बोलतात. इंग्रजी येतं ते रोजच्या सवयीने. आपल्या बोलीची लाज मात्र कधी धरू नकोस. "काहून" म्हणणाऱ्या मुली मोठ्या प्रकल्पांवर इंजिनीअर झालेल्या मी बघितल्या आहेत.

कॉलेज निवडताना ब्रांचच्या नावावर भुलू नकोस. एआय, डेटा सायन्स, सायबर, अशा नावांच्या जागा हल्ली खूप वाढल्या आहेत, कारण 2024-25 पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने एका ब्रांचला किती जागा घ्यायच्या याची वरची मर्यादाच काढून टाकली. जागा एका वर्षात दुप्पट होतात, शिक्षक होत नाहीत. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा निकष आहे. कॉलेजात गेलीस की विभागाच्या फलकावरची शिक्षकांची नावं मोज. कामाच्या दिवशी जा, शनिवारी दुपारी नको. लॅबमध्ये डोकाव. यंत्रांवर प्लास्टिकचं आवरण तसंच असेल, तर ती यंत्रं वापरात नाहीत हे समजून जा. मग गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींना गाठ आणि विचार : प्लेसमेंटला किती कंपन्या आल्या, किती जणी लागल्या, होस्टेलचं पाणी कसं आहे. रेक्टर रात्री फोन उचलतात का, तेही विचार. नोकऱ्यांचा आकडा पाहायचा असेल तर माहितीपत्रकातला सगळ्यात मोठा पगार बघू नकोस. एनआयआरएफ या कॉलेजांच्या सरकारी क्रमवारीसाठी भरलेली माहिती कॉलेजला स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात किती पास झाले, किती नोकरीला लागले आणि मधला पगार किती, हे असतं. दोन्ही कॉलेजांचे ते कागद शेजारी ठेवून वाच. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, आईलाही सोबत ने. ती काहीच बोलत नाही असं तू लिहिलंस. तिला कुणी विचारलंय का? होस्टेलच्या खोलीची खिडकी आणि कडी ती तुझ्यापेक्षा चांगली तपासेल.

आणि तुझ्या बाबांना, ते हे वाचतील म्हणून. भाऊ, मुलीसाठी वावर काढायला निघालेला बाप मी कमी बघितला. ही गोष्ट मी मनात जपून ठेवीन. तिच्यावर तुमचा किती विश्वास आहे हे तिला कळलेलं आहे, त्यासाठी जमीन विकून दाखवायची गरज नाही. दोन एकर राहिले तर धाकट्याच्या वेळीही हात मोकळा असेल, आणि पोरीलाही शिकताना मनावर दडपण राहणार नाही. विकलेल्या वावराचा भार घेऊन परीक्षेला बसणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. त्या अभ्यास कमी आणि हिशोब जास्त करतात.

रविवारी बाबांनी इसार घेतला नाही, "पुढच्या महिन्यात पाहू" एवढंच म्हणाले, असं तू सांगितलंस. पुरे आहे.

आता कागद. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर तहसीलमधून या आठवड्यातच काढ, त्याची मुदत पुढच्या 31 मार्चपर्यंतची हवी. डोमिसाइल शाळेच्या कामासाठी काढलं होतंस, ते शोध. जात वैधता अजून हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पावती जवळ ठेव आणि यवतमाळला स्वतः जाऊन विचारणा कर. सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स काढ. मूळ प्रती एका वेगळ्या पिशवीत घरातच ठेव, आणि कुणी कितीही मोठा माणूस असला तरी पावती घेतल्याशिवाय ती पिशवी त्याच्या हातात देऊ नकोस. पहिल्या फेरीची यादी लागली की कळव.